जेवणाची सोय झाली आहे

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

फोनवर बाबांना धड ऐकू येत नाही आणि आई, तू "जेवलीस का?" असं विचारून माझं उत्तर यायच्या आत फोन दुसऱ्याच्या हातात देतेस. म्हणून हे सविस्तर लिहितेय. दादाला सांगितलंय, मोठ्या अक्षरात छापून अमळनेरला घेऊन जा. बाबांनी चष्मा लावून सावकाश वाचावं. आईला मोठ्याने वाचून दाखवावं, पण मधले परिच्छेद गाळू नयेत.

आधी मुद्द्याचं. माझ्या जेवणाची सोय झाली आहे, आणि चांगली झाली आहे.

डेट्रॉईट सोडून अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अलाबामात जातेय म्हटल्यावर तुम्ही दोघं किती घाबरला होतात! आपल्याकडे एमबीबीएसनंतर खेड्यात बॉण्डची सेवा असते, तशी इथे व्हिसाची अट आहे. जिथे डॉक्टर कमी आहेत तिथे तीन वर्षं काढायची. मला एंटरप्राइझ मिळालं. तीस हजारांच्या आतलं गाव. शेजारी लष्कराचा हेलिकॉप्टर शिकवण्याचा तळ, त्यामुळे दिवसभर डोक्यावर घरघर. आपला किराणा आणायचा तर अटलांटा गाठावं लागतं, जाऊन-येऊन सगळा दिवस जातो. पहिले काही आठवडे मी खिचडी आणि हॉस्पिटलच्या कॅन्टीनवर काढले. हे तेव्हा तुम्हाला सांगितलं नव्हतं, कारण सांगून तुम्ही करणार काय होतात?

दर गुरुवारी मला एल्बाच्या दवाखान्यात बसावं लागतं. एल्बा आणखी छोटं, चार हजारांच्याही आतलं. मधोमध कोर्टाची जुनी इमारत, तिच्याभोवती चौक, आणि गावाला वळसा घालून वाहणारी पी नदी. ही नदी १९२९ साली गावात शिरली होती, म्हणून गावाभोवती मातीचा उंच बांध घातला, तरी १९९० साली ती पुन्हा शिरलीच. तिथली नर्स मला एका दुपारी ओढूनच घेऊन गेली. "डॉक्टर, तो डबा उद्या खा."

बाहेरून पाहिलं असतं तर मी आत गेले नसते. बसकी इमारत, रंग उडालेली पाटी, दाराला करकरणारी जाळी. आत आठ-दहा टेबलं, प्लॅस्टिकचे चौकडीचे टेबलक्लॉथ, आणि प्रत्येक टेबलावर व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या छोट्या हिरव्या मिरच्यांची बाटली. समोर काउंटरमागे वाफाळणारी पातेली. बाबा, ही खानावळ आहे. अकरा वाजता उघडते, दोनच्या सुमारास बंद होते, आणि त्याआधी अन्न संपलं तर त्याआधीच. आज काय आहे ते फळ्यावर खडूने लिहिलेलं. पद्धत अशी की एक मांसाचा पदार्थ घ्यायचा आणि तीन भाज्या, सोबत मक्याचा ब्रेड आणि साखरेचा थंड चहा. या चहात साखर किती असते ते मी लिहीत नाही, बाबांना मोह होईल. मॅकरोनी-चीजही भाज्यांच्याच रांगेत लिहिलेलं असतं आणि त्यात इथे कुणाला काही वावगं वाटत नाही.

आई, तू लगेच विचारशील, भाज्या कसल्या? ऐक तर. चवळी. भेंडी, काप करून मक्याच्या पिठात घोळवून तळलेली, जराही तार नाही. डबल बी, लोण्यात मऊ शिजवलेली. रताळी. हिरवे कच्चे टोमॅटो, तेही काप करून तळलेले. उघडल्या उघडल्या गेलं तर मक्याच्या कण्या, वर लोणी. आणि कोलार्ड नावाची एक पालेभाजी, कोबीच्या जातीची, जाड पानांची, तास-दोन तास रटरटत ठेवलेली. मी ताट घेऊन बसले आणि चवळीचा पहिला घास घेतला तेव्हा नर्स म्हणाली, "अहो, हसताय काय?" काय सांगणार तिला! अमेरिकेत इतकी वर्षं काढली, पण इथल्या लोकांच्या ताटात मी चवळी आणि भेंडी शेजारी-शेजारी पाहिली नव्हती.

यातलं काही इथे आलं आफ्रिकेतून. चवळी आणि भेंडी गुलामांच्या जहाजांबरोबर आली. शेंगदाणा मुळातला दक्षिण अमेरिकेचा, पण तोही आफ्रिकेला वळसा घालूनच या भागात पोचला. गोऱ्या मालकांच्या स्वयंपाकघरात काळ्या बायका राबल्या आणि त्यांच्या हातची चव पुढे सगळ्या दक्षिणेची झाली. आता गोरे-काळे दोघंही "हे आमच्या आजीच्या हातचं" म्हणून सांगतात. नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी चवळी-भात आणि कोलार्ड खायचं, म्हणजे वर्षभर पैसा टिकतो, अशी इथे समजूत आहे. मी यंदा खाल्लं. पगारवाढ अजून झालेली नाही.

आता अडचण. इथे भाजीत डुकराचं मांस असतं. मांसाची भाजी नव्हे, भाजीतच चवीपुरता हाडकाचा नाहीतर चरबीचा तुकडा. पालेभाजीत असतो, चवळीत असतो, डबल बीतसुद्धा. मी कोंबडी खाते हे आईला माहीत आहे आणि आईने ते माहीत नाही असं ठरवलेलं आहे, ते राहू दे. पण डुकराचं मला जमत नाही. मी मालकीणबाईंना विचारलं, "यात मांस आहे का?" त्या म्हणाल्या, "नाही गं बाळ, फक्त चवीला घातलंय."

या बाई पासष्टीच्या पुढच्या, काळ्या, उंच, केसांवर कायम जाळी. सगळं गाव त्यांना नावापुढे 'मिस' लावून हाक मारतं, मोठा असो की लहान. त्या मात्र सगळ्यांना 'बेबी' म्हणतात, त्यात इथले न्यायाधीशही आले. मी त्यांना माझं सांगितलं आणि आईचंही सांगितलं, की माझी आई माळकरी आहे, अंडंसुद्धा चालत नाही. त्यांनी शांतपणे ऐकलं. "अंडंही नाही? मग बाई केक कसा खाते?" एवढाच त्यांचा प्रश्न. पुढच्या गुरुवारी गेले तर डबल बीचं एक छोटं पातेलं वेगळं ठेवलेलं, त्यात कांदा, लोणी, मिरपूड, बस. आणि मग त्यांनी मला काउंटरच्या मागे बोलावलं.

आई, हा भाग तुझ्यासाठी. मक्याच्या ब्रेडचे इथे बरेच प्रकार आहेत. नेहमीचा ब्रेड बिडाच्या जाड तव्यात होतो. तवा आधी चरबी घालून लालभडक तापवतात, मग त्यावर ताकात कालवलेलं पीठ ओततात. चर्र असा आवाज झाला तरच कड कुरकुरीत होते. साखर घालायची नाही. उत्तरेकडचे लोक घालतात आणि त्यावरून इथे त्यांना नावं ठेवतात. पण त्या ब्रेडमध्ये अंडं असतं. म्हणून बाईंनी दुसरा प्रकार केला. मक्याचं पीठ, मीठ, त्यावर उकळतं पाणी. उकड काढली! जरा निवल्यावर हात ओला करून तळहातावर गोळा घेतला, या हातावरून त्या हातावर करत थापला आणि तेलात सोडला. तळून निघालेल्या प्रत्येक वडीवर त्यांच्या चार बोटांचे ठसे उमटलेले होते. मी म्हटलं, माझ्या आईला हे शिकवायला नको. त्या म्हणाल्या, "मग तिला घेऊन ये, माझे गुडघे दुखतात."

त्यांची आई याच भागातल्या एका हॉटेलात आयुष्यभर स्वयंपाक करत होती. त्या हॉटेलात समोरच्या दाराने जायची आणि टेबलाशी बसून जेवायची तिला परवानगी नव्हती. स्वतःच्या हातचं ती मागच्या पायरीवर बसून खायची. १९६४ साली कायदा झाला तेव्हा हे थांबलं, आणि तेही सरळ नाही. बर्मिंगहॅमचा एक बार्बेक्यूवाला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, की आमच्या हॉटेलात कुणाला बसवायचं हे आम्ही ठरवणार. काळ्यांना तो बांधून द्यायचा, बसू द्यायचा नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरात कोर्टाने त्याला नाही म्हणून सांगितलं. बाबा, तुम्ही स्टँडजवळच्या हॉटेलातल्या बाहेर उपड्या ठेवलेल्या वेगळ्या कपांबद्दल सांगता, ते मला इथे आठवलं. बाई हे सगळं वांगी चिरता चिरता सांगावं तसं सांगतात, आवाज न चढवता. मला मात्र त्यानंतर घास गिळायला वेळ लागला.

त्यांनीच मला जॉर्जिया गिल्मोरचं सांगितलं. माँटगोमेरी इथून दीड तासावर. १९५५ साली तिथल्या काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार टाकला, तो ३८१ दिवस चालला. एवढे दिवस माणसं कामाला कशी गेली? पायी, आणि मोटारींनी. त्या मोटारींना पेट्रोल लागायचं. ही गिल्मोर एका हॉटेलात स्वयंपाकीण होती. तिने आणखी बायका जमवल्या आणि चिकन सँडविच, केक, 'पाय' नावाचा गोड सारणाचा पदार्थ करून घरोघर आणि सभांमध्ये विकायला सुरुवात केली. गटाचं नाव ठेवलं 'कुठूनच नाही क्लब'. पैसे कुठून आले असं कुणी विचारलं तर खरं उत्तर तयार! तिने कोर्टात साक्ष दिली, नोकरी गेली, मग घरातच जेवण घालायला लागली. मार्टिन ल्यूथर किंग तिच्याकडे जेवायला यायचे. मला कुणीतरी शाळेत हे का शिकवलं नाही?

बाबा, आता तुमचं.

कोपऱ्यातल्या टेबलाशी एक म्हातारे शेतकरी बसतात, डगला-विजार एकत्र शिवलेला निळा पोशाख, टोपी टेबलावर. ते जेवण संपवतात आणि शेवटी एक उंच ग्लास मागवतात. त्यात मक्याचा ब्रेड हाताने चुरतात, वरून गार ताक ओततात, चमच्याने ढवळून खातात. शेजारी कांद्याची पात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बघतच राहिले. ताकात भाकरी कुस्करून खाणारे तुम्ही एकटेच नाही, आणि आई तुम्हाला "पाहुण्यांसमोर तरी नको" म्हणते ते यापुढे तिने म्हणू नये. त्यांना मी तुमच्याबद्दल सांगितलं. त्यांनी विचारलं, "मीठ घालतात का?" मी म्हटलं, घालतात. "शहाणा माणूस आहे."

कोलार्ड शिजवलेलं पाणीही इथे टाकत नाहीत, वाटीत घेतात आणि ब्रेडबरोबर खातात. यावरून १९३१ साली वर्तमानपत्रात भांडण जुंपलं होतं. लुईझियानाचे गव्हर्नर ह्यूई लाँग म्हणाले, ब्रेड त्यात बुडवून खायचा. अटलांटाच्या पेपराचे संपादक म्हणाले, छे, कुस्करून. वाचकांच्या पत्रांचा पाऊस पडला. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या रूझवेल्टनेसुद्धा त्यात तोंड घातलं. ऐन मंदीचे दिवस, लोकांना खायला नाही, आणि सगळी दक्षिण बुडवावं की कुस्करावं यावर हमरीतुमरीवर! तुम्ही कुठल्या पक्षाचे ते मला माहीत आहे.

आणखी एक. बाईंचा भाऊ अलाबामाच्या उत्तरेकडून बरण्या पाठवतो, त्यात काकवी असते. उसाची नव्हे, ज्वारीची. गोड ताटांची ज्वारी असते, तिच्या ताटांचा रस काढून कढईत आटवतात. रंग काळपट, चव जराशी तुरट. गरम ब्रेडवर लोणी आणि वर ही काकवी. आपल्या दादर ज्वारीच्या ताटांपासून कुणी काकवी केल्याचं मी ऐकलेलं नाही. ते वाण वेगळं असणार, पण तुम्ही उगाच चावून बघू नका.

आता किडीची गोष्ट सांगते, कारण हिच्याशिवाय इथलं जेवण कळत नाही. माझ्या एंटरप्राइझच्या भर चौकात एक पुतळा आहे. पांढरी शुभ्र बाई, पायघोळ वस्त्र, दोन्ही हात डोक्यावर उंच धरलेले, आणि त्या हातांत एक भलामोठा काळा भुंगा. कपाशीचा बोंडभुंगा! शेतकऱ्याचं वाटोळं करणाऱ्या किडीचा पुतळा, आणि खाली लिहिलंय की हिने जे केलं त्याबद्दल आम्ही मनापासून कृतज्ञ आहोत. पुतळा १९१९ सालचा. तेव्हा हातात भुंगा नव्हता, कारंजं होतं. भुंगा तीस वर्षांनी बसवला. तो चोरीला जातो, मोडला जातो, म्हणून मूळ पुतळा आता संग्रहालयात आहे आणि चौकात नक्कल.

झालं असं की हा भुंगा मेक्सिकोतून टेक्सासमध्ये शिरला आणि सरकत सरकत १९१५ च्या सुमारास इथे पोचला. कपाशी साफ. या काउंटीचं नाव कॉफी (कॉफी पिकत नाही, कुणा जनरल कॉफीचं नाव आहे), आणि सगळं गाव एकट्या कपाशीवर कर्ज काढून जगणारं. तेव्हा काही लोकांनी हट्टाने भुईमूग लावला. दोनच वर्षांत, १९१७ साली, हीच काउंटी शेंगांच्या उत्पादनात देशात पहिली आली. इथून दोन तासांवर टस्कीगी आहे. तिथे जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर होते, गुलामीत जन्मलेला माणूस, पुढे शेतीशास्त्रज्ञ. ते कधीपासून सांगत होते की कपाशीने जमीन चोपली गेलीय, शेंगा लावा, रताळी लावा. नुसतं सांगून थांबले नाहीत. १९१६ साली त्यांनी पुस्तिका काढली: शेंगा कशा पिकवायच्या आणि त्यांचे खायचे १०५ प्रकार.

२०१७ साली गुलाबी बोंडअळीने आपलं शेत धुऊन नेलं तेव्हा तुम्ही दोन दिवस जेवला नव्हतात. त्या अळीचा पुतळा उभारायची कुणाची छाती होणार नाही, आणि उभारूही नये. कर्जाखाली माणसं गेली आहेत. इथेही गेली असतील, पुतळ्यावर ते कुणी लिहीत नाही. पण पुतळ्यासमोरून जाताना मला तुमचा त्यानंतरचा केळीचा निर्णय आठवतो, आणि आईने बँकेतून काढून मोडायला दिलेली पाटली. केळीवरून सांगायचं राहिलं: बाईंकडे जेवणानंतर केळ्याचं पुडिंग असतं, खाली बिस्किटं, मध्ये केळी, वर कस्टर्ड. जळगावचं केळ मिळालं असतं तर आणखी चांगलं झालं असतं, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं. त्या म्हणाल्या, "अशी किती माणसं मला येऊन सांगतात."

डॉक्टर म्हणून मला हे सगळं लिहायला जरा संकोच वाटतो. दक्षिणेच्या या पट्ट्यात पक्षाघाताचं प्रमाण इतकं आहे की याला नावच 'स्ट्रोक बेल्ट' पडलंय. सकाळी मी दवाखान्यात लोकांना मीठ कमी करा, तळलेलं बंद करा म्हणून सांगते आणि दुपारी तीच माणसं खानावळीत माझ्या शेजारच्या टेबलावर असतात. एका आजोबांनी मला पाहून तळलेल्या कोंबडीवर पेपर नॅपकिन पांघरला. मी दिसलंच नाही असं केलं, कारण माझ्याही ताटात भेंडी तळलेलीच होती. मग बाईंशी बोलून मी एक केलंय. फळ्यावर गुरुवारी एक बिनमिठाची, बिनमांसाची भाजी असते. खपते कमी. पण चार-पाच पेशंट मागतात, आणि बाई त्यांना अशा नजरेने वाढतात की जणू कुणी घरात आजारी आहे.

तर आई, मी उपाशी नाही. गुरुवारी तिथे जेवते आणि येताना डबा भरून आणते, तो शनिवारपर्यंत पुरतो. बाकी दिवस घरी करते.

तुम्ही यायचंय, आणि ते आता लांबवायचं नाही. व्हिसाचा फॉर्म दादा भरतोय, मुलाखतीची तारीख मिळाली की मुंबईला तोच घेऊन जाईल. ऑक्टोबरच्या शेवटी या. तेव्हा उकाडा संपलेला असतो, शेंगांची काढणी झालेली असते आणि नोव्हेंबरात शेजारच्या डोथनला शेंगांची मोठी जत्रा भरते. आई, बाईंना तुझी भाकरी थापताना बघायची आहे, मी कबूल करून बसलेय. कळण्याचं पीठ दोन किलो आण, बारीक चाळून, दुहेरी पिशवीत. भरताच्या वांग्यांचं बी मात्र लुगड्यात लपवून आणू नकोस, विमानतळावर काढून घेतात आणि वर दंड करतात. गुडघ्याचा पट्टा आण. बाबांच्या गोळ्या तीन महिन्यांच्या, चिठ्ठीसकट.

बाबा, कवळीचं काम त्याआधी उरकून घ्या. नाहीच झालं तरी अडणार नाही. इथे रस्त्याकडेला शेंगा मिठाच्या पाण्यात चार-चार तास उकडून विकतात, त्या हिरड्यांनीही खाता येतात.

तुमचीच,
धाकटी